कोंबडीच्या भाषेतली घार

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमला राहायला येऊन चार महिने झाले होते आणि माझं तमिळ 'कोंजम कोंजम'च्या पुढे सरकायला तयार नव्हतं. भाजी बोटानं दाखवून घ्यायची, रिक्षाचं भाडं बोटांवर मोजून ठरवायचं. अशात एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या कौलारू घराच्या परसातून एक आवाज आला आणि त्याचा अर्थ मला तत्क्षणी कळला. बारीक, चिरका, सुतासारखा लांबत जाणारा: क्रीऽऽऽ. हातातला टॉवेल तसाच राहिला आणि मान आपोआप वर गेली. पाण्याच्या टाकीच्या वर, फार उंचावर नव्हे, घार होती.

हा आवाज मी याआधी ऐकला होता आजोळी, देवरुखजवळच्या एका वाडीत. तो आला की आजी हातातलं काम टाकून अंगणात धावायची आणि 'हाऽड हाऽड' करत पदर झाडायची. तीस वर्षं मधे गेली, हजारभर किलोमीटर मधे आले, माणसांची भाषा पार बदलली. कोंबड्यांची मात्र तीच राहिली.

मांबलमच्या या बाजूला कोंबड्या असतील असं कुणाला वाटणार नाही. रेल्वेरुळांच्या पूर्वेला टी. नगर, म्हणजे साड्या, सोनं आणि माणसांचा महापूर. पश्चिमेला आम्ही. आर्य गौडा रोडवरची फुलांची दुकानं, अयोध्या मंडपम, संध्याकाळची प्रवचनं, दारोदारी कोलमच्या रांगोळ्या. सोवळ्यातल्या मामी मंडळींच्या या पेठेत अंडं घरात आणणाऱ्यांचीही संख्या बेताची. पण इमारतींच्या मधे दोन-चार जुनी घरं अजून तग धरून आहेत. त्यांना परस आहे, परसात शेवग्याचं झाड आहे, आणि आमच्या शेजारच्या परसात तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पलीकडे लेक व्ह्यू रोड आहे, पण तिथून तळं दिसत नाही. १९२०च्या दशकात टी. नगर वसवायला मांबलमचं ते लांबलचक तळं आटवलं गेलं. रस्त्याला नाव राहिलं, तळं गेलं. घारी राहिल्या.

कोंबड्यांची मालकीण सत्तरीची आहे. गल्ली तिला 'पाटी' म्हणते. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी, आणि आपल्याकडे पाटी म्हणजे टोपली. त्यामुळे 'पाटीनं पिल्लं पाटीखाली झाकली' हे वाक्य मी मनातल्या मनात बरेच दिवस घोळवत होते. ते ऐकवायला गल्लीत मराठी कुणी नव्हतं.

तिच्या कोंबड्याची जन्मकथा गुलाबी आहे, अगदी शब्दशः. सायकलवर टोपली बांधून रंगवलेली पिल्लं विकणारे फेरीवाले आपल्याकडे येतात तसे इथेही येतात. गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं. नातवानं हट्ट केला आणि चार घेतली. ही पिल्लं येतात अंड्यांच्या धंद्यातून, आणि तमिळनाडूत तो धंदा म्हणजे नामक्कल. अंडी देणाऱ्या जातीचा नर धंद्याच्या कामाचा नाही. तो अंडी देत नाही, आणि अंगानं लवकर भरत नाही. म्हणून तो जन्मल्या दिवशीच बाजूला काढला जातो आणि कधी रंगवून पोरांच्या हाती पडतो. चारातली तीन आठवड्याभरात गेली. एक जगलं, त्याची गुलाबी पिसं झडली आणि खालून पांढराशुभ्र लेगहॉर्न कोंबडा निघाला. कोंबड्या मात्र 'नाट्टु कोळी', म्हणजे गावठी. त्या गावाकडून बसनं आल्या, पिशवीतून डोकी बाहेर काढून.

म्हणजे या कोंबड्याला आई नव्हती. यंत्रात जन्मलेला, सायकलवर वाढलेला. घार म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरी त्या सकाळी क्रीऽऽऽ करणारा तोच होता.

कोंबड्यांच्या आवाजाला आपण कलकलाट म्हणून मोकळे होतो. निकोलस कोलियास या संशोधकांनी लाल रानकोंबड्यांचे आवाज धीरानं वेगवेगळे केले तेव्हा यादी दोन डझनांपर्यंत गेली. त्यातले दोन आपल्या कामाचे. घार दिसली की निघतो तो बारीक, ताणलेला सूर. मांजर दिसलं की निघतो तो ठसक्याचा, तुटक, सगळ्या आळीला ऐकू जाणारा कुक्‌-कुक्‌-कुक्‌-कुकाऽक. दोन्ही भीतीचेच, मग दोन कशाला?

पहिल्याची गंमत अशी की तो कुठून आला हे सहज सांगता येत नाही. आवाजाची दिशा आपले कान ठरवतात ते त्याच्या सुरुवातीच्या धक्क्यावरून आणि दोन कानांत पडणाऱ्या बारीक फरकावरून. हा सूर हळूच सुरू होतो, एकाच अरुंद पट्टीत राहतो आणि हळूच विरतो. वरून ऐकणाऱ्या घारीला कोंबडा शोधायचा तर पकडायला टोक नाही. मांजराच्या वेळचा आवाज नेमका उलटा: मी इथे आहे, तू मला दिसलास, आता तुझा डाव फसला. जमिनीवरच्या शिकाऱ्याचं बळ लपण्यात असतं, तो उघडा पडला की अर्धं काम झालं.

पण हे खरोखर 'शब्द' आहेत की नुसत्या कमी-जास्त भीतीच्या किंकाळ्या? क्रिस्टोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर या संशोधकांनी १९९३ साली याचा छडा लावला. पिंजऱ्यात एकटी कोंबडी. समोर मांजर नाही, वर घार नाही, फक्त ध्वनिमुद्रित आवाज. घारीचा आवाज वाजवला की ती आडोशाकडे पळे, अंग चोरून बसे आणि वर बघे. जमिनीवरच्या शत्रूचा वाजवला की मान ताठ करून उभी राही आणि आडव्या नजरेनं चारी बाजू तपाशी. वर काहीच नसताना ती वर बघत होती. म्हणजे आवाजात बातमी होती, आणि बातमी ऐकणारीला कळत होती. त्यांतल्याच काहींनी कोंबड्याच्या डोक्यावर पडदा टांगून त्यावरून घारीची चित्रं सरकवली, लहान-मोठी, सावकाश-वेगानं. चित्र मोठं आणि वेग जास्त, तर कोंबडा हमखास ओरडे.

आता पुढचं ऐका, कारण इथे कोंबडा माणसाच्या फार जवळ येतो. मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की कोंबडा एकटा असला तर घार दिसूनही बहुधा गप्प राहतो. बाजूला कोंबडी असली की ओरडतो. दुसऱ्याच जातीचा पक्षी ठेवला तर त्याच्यासाठी घसा फोडत नाही. म्हणजे ही भीतीनं आपोआप सुटलेली किंकाळी नव्हे. कुणासाठी ओरडायचं हा हिशेब त्यात आहे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी विद्यापीठात आणखी एक गोष्ट दिसली. कोंबडा स्वतः झुडपाखाली सुरक्षित असला की जास्त ओरडतो. आणि जवळ दुसरा, पडेल कोंबडा असला तरीही जास्त. घार आवाजानं खाली वळलीच, तर ती उघड्यावरच्या त्या दुसऱ्यावर झडप घालण्याची शक्यता बरी. बायकांपुढे शूर, आणि संकट शेजाऱ्यावर. आमच्या परसात दुसरा कोंबडा नसल्यानं हा प्रयोग मला पाहता आला नाही, पण आमचा पांढरा वीर शेवग्याखाली उभा राहूनच आरोळ्या ठोकतो हे मी पाहिलंय.

तर वर कोण असतं? मांबलमच्या आकाशात तिघांची ये-जा आहे. पहिली साधी घार, मळकट तपकिरी, शेपटी मधे दुभंगलेली. कासिमेडूच्या मासळी बंदरावर आणि पेरुंगुडीच्या कचराडेपोवर तिचे थवेच्या थवे. ती मूळची उचलेगिरी करणारी, मेलेलं, सडलेलं, कुणाच्या हातातलं. पण चुकार पिल्लू दिसलं तर सोडत नाही. दुसरी तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची, गोल शेपटीची. मराठीत ब्राह्मणी घार. तमिळमध्ये मात्र ती घार नाहीच, ती 'गरुडन', साक्षात विष्णूचं वाहन. मंदिराच्या कुंभाभिषेकाला ती कळसावर घिरटी घालते का हे बघायला लोक माना वर करून उभे राहतात.

त्यामुळे पाटीची पंचाईत होते. साधी घार आली तर ती सरळ स्टीलचं ताट पळीनं बडवते. गरुडन आला तर आधी दोन्ही गालांवर बोटं टेकवून नमस्कार करते, आणि मग ताट बडवते. दोन्हींच्या मधे अर्धा सेकंद जात असेल. आपल्याकडेही घारीचं असंच आहे. संतांना घारीत आई दिसली, कितीही उंच गेली तरी जीव घरट्यात अडकलेली. ती घरट्यात काय घेऊन जाते, आणि ते कुणाचं पिल्लू असतं, हा विषय तिथे निघत नाही.

तिसरा शिक्रा, आणि खरी धास्ती त्याची. कबुतराएवढा, राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे मोठ्या नराचे लालभडक. तो उंच घिरट्या घालत नाही. आंब्याच्या पानांत मुकाट बसतो आणि मग भिंतीच्या उंचीनं, पंख चार वेळा फडकावून आणि उरलेलं अंतर तरंगत, सुसाट येतो. भारतातल्या बाज पाळणाऱ्यांचा तो जुना आवडता पक्षी, लवकर शिकतो म्हणून. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये कोंबड्यांची झुंजही आहे आणि ससाण्याकरवी शिकारही. राजाला दोन्हीकडून खेळायची सोय होती.

पण शिक्र्याचं वजन बघा: शंभर-दोनशे ग्रॅम. गावठी कोंबडी किलो-सव्वा किलोची. तो तिला उचलूच शकत नाही. घारसुद्धा पाऊण किलोच्या आतबाहेरची, तिलाही मोठी कोंबडी झेपायची नाही. कोकणात मोरघार मोठी कोंबडीही मारते, पण ती या सिमेंटात येत नाही. म्हणजे शहरात धोका आहे तो पहिल्या सहा-आठ आठवड्यांचा, आणि हे गणित कोंबडीलाही येतं. पिल्लं मुठीएवढी असताना जो लहानसा ससाणा दिसला की आई आकांत करते, पिल्लं वाढल्यावर तोच डोक्यावरून गेला तरी ती दाणे टिपत राहते. मोठ्या शिकाऱ्याची भीती मात्र कायम.

पाटीच्या परसात दोरीला जुन्या सीड्या टांगलेल्या आहेत, तमिळ भक्तिगीतांच्या. वाऱ्यावर फिरल्या की चकाकतात आणि घारी बिचकतात. पहिल्या आठवड्यात. मग घारी सीड्यांच्या शेजारच्याच खांबावर येऊन बसू लागल्या. हे असं का होतं, याची गोष्ट उलट्या बाजूनं, म्हणजे पिल्लांच्या बाजूनं सुरू होते.

१९३७च्या सुमारास प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याची एक आकृती कापली. एका बाजूला आखूड टोक, दुसऱ्या बाजूला लांब, मधे पंख. ती दोरीवरून पिल्लांच्या डोक्यावर सरकवायची. आखूड टोक पुढे ठेवलं तर आकृती ससाण्यासारखी, आखूड मान आणि लांब शेपटी. उलट दिशेनं नेली तर तीच लांब मानेचं हंसबदक. टर्कीची पिल्लं ससाण्याला घाबरली, बदकाला नाही. म्हणजे ससाण्याचं चित्र जन्मतःच डोक्यात कोरलेलं, असा निष्कर्ष निघाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. दोघांना पुढे १९७३ साली नोबेल मिळालं, ते अर्थात बऱ्याच मोठ्या कामासाठी. पण १९५५ साली लेगहॉर्न पिल्लांवर, म्हणजे आमच्या पांढऱ्याच्याच जातभाईंवर, हाच प्रयोग झाला तेव्हा त्यांनी दोन आकृत्यांत फरक केलाच नाही. मग वोल्फगांग श्लाइट यांनी १९६०च्या सुमारास टर्कीवर पुन्हा तपासलं. पिल्लं वरून जाणाऱ्या कशालाही घाबरतात. रोज दिसणाऱ्याची भीती मरते, क्वचित दिसणाऱ्याची टिकते. बदकं रोज जातात, ससाणा कधीतरी येतो. इतकंच.

भीती सरावानं मरते हा नियम पिल्लांना लागू, तसा घारींनाही. सीडीत घार अडकत नाही, ती फक्त सीडीला सरावते. जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलली तर थोडे दिवस जास्त मिळतात. पाटीला हे मी खुणांनी सांगितलं. तिनं सीड्या दुसऱ्या दोरीवर नेल्या आणि एक मलाच परत दिली, ऐकायला.

खरा उपाय एकच, डोक्यावर छप्पर. घारीला मारणं, पकडणं, तिचं घरटं मोडणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा भांडण तिच्याशी नाही, मोकळ्या आकाशाशी. पाटीनं शेवग्यापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं ताणलंय. घारीसाठी दोन इंची भोकंही चालतात, पण जाळं तटतटीत हवं. ढिलं सोडलं तर कोंबड्याच अडकतात. खाली बाजूंना अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी, ती घारीसाठी नव्हे, मांजरासाठी आणि घुशीसाठी. चेन्नईची घूस, पेरुचाळी, रात्री सिमेंटखालून वाट काढते. आणि कोपऱ्यात झाप टाकलेला आडोसा, कारण आवाज ऐकून पळणाऱ्या पिल्लाला पळायला जागा तर हवी. जाळ्याबाहेर पिल्लं सोडायची झाली तर बांबूच्या डालग्याखाली. दक्षिण तमिळनाडूत त्याला 'पंजारम' म्हणतात. घुमटासारखं विणलेलं, वरून हवा, आतून दाणे, बाहेरून आई फेऱ्या मारते.

घारीची भीती दिसते म्हणून मोठी वाटते. राणीखेत रोग, आपल्याकडची मानमोडी, दिसत नाही आणि आठवड्यात खुराडं रिकामं करते. तिच्या लशीचे थेंब वेळेवर नाकात-डोळ्यात घालणं हे जाळ्याइतकंच कामाचं.

घारीविरुद्ध आणखी एक पहारेकरी आहे, बिनपगारी. इथल्या घराघरांतून जेवणाआधी कावळ्याला भात ठेवतात. अकरा वाजता गच्च्यांवरून 'का, का' अशा हाका सुरू होतात, आणि कावळ्यांचा मेळा जमतो. या मेळ्याला घार खपत नाही. दोघे-तिघे तिच्या शेपटीमागे लागून तिला पार रुळांपलीकडे घालवून येतात. शिक्र्याचा तर ते आंब्यातच पत्ता लावून बोभाटा करतात. फक्त एवढंच, की उघडं पिल्लू दिसलं तर कावळाच ते लांबवतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आता कोंबडीच्या एका डोळ्याबद्दल सांगायचं राहिलं. कोंबडी आकाशाकडे बघते ती दोन्ही डोळ्यांनी नाही. मान कलती करून एक डोळा वर लावते, आणि घारीसाठी बहुतेक वेळा तो डावा असतो. पक्ष्यांमध्ये डाव्या डोळ्याचं दिसणं जवळजवळ सगळं मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे जातं, आणि शत्रूवर नजर ठेवण्याचं काम त्या बाजूचं. उजव्या डोळ्याची बाजू दाणा आणि खडा वेगळा करते. एक डोळा पोटाकडे, एक जिवाकडे.

ही वाटणी पक्की कधी होते, हे लेस्ली रॉजर्स या संशोधिकेनं शोधलं. अंडी उबवायचे एकवीस दिवस. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यात असं मुडपून बसतं की डावा डोळा स्वतःच्याच अंगाला दाबलेला आणि उजवा कवचाकडे. त्या दिवसांत अंड्यावर थोडा वेळ उजेड पडला तर तो कवचातून झिरपून फक्त उजव्या डोळ्याला पोचतो, आणि मेंदूच्या दोन बाजू आपापलं काम वाटून घेतात. अंधारात उबवलेल्या पिल्लांत ती वाटणी नीट होत नाही. २००४ साली रॉजर्स आणि त्यांच्या इटलीतल्या सहकाऱ्यांनी दोन्ही तऱ्हेच्या पिल्लांपुढे खड्यांत मिसळलेले दाणे टाकले आणि डोक्यावरून ससाण्याची आकृती फिरवली. उजेड पाहिलेली पिल्लं दाणेही टिपत होती आणि वरही बघत होती. अंधारातली गोंधळली. ती खडे टिपू लागली, आणि ससाणाही त्यांना उशिरा दिसला.

हे वाचलं तेव्हा पाटीची एक कोंबडी खुडूक होऊन जिन्याखाली बसली होती. इथे तिला 'अडै कोळी' म्हणतात. पेंढ्याच्या टोपलीत अकरा अंडी, पुढे गोणपाटाचा पडदा. एकोणिसाव्या दिवशी मी मुद्दाम गेले. दहाच्या सुमारास कोंबडी उठली. दिवसातून एकदा ती उठतेच, पंधरा-वीस मिनिटं, दाणापाणी, धुळीत एक लोळण. पाटीनं गोणपाट बाजूला केलं, उजेडासाठी नाही, मुंग्या लागल्यात का बघायला. फुटक्या कौलातून आलेला उन्हाचा तुकडा तिरका होऊन टोपलीत पडला, अकरातल्या सहा-सात अंड्यांवर. पाटीनं एक अंडं उचलून आधी स्वतःच्या आणि मग माझ्या कानाला लावलं. आत कुणीतरी अगदी हळू, चीं, चीं करत होतं.

तेवढ्यात शेवग्याखालून क्रीऽऽऽ आला. पाटी ताटाकडे धावली. कोंबडी धुळीतून उठली, मान कलती करून डावा डोळा जाळ्याच्या वर लावला, तशीच दोन क्षण थांबली, आणि मग लगबगीनं आत येऊन अंड्यांवर बसली. अंडं अजून माझ्या हातात होतं. ते तिच्या पोटाखाली सरकवताना तिनं मला चोच मारली.